मोठ्या आईचं खापर

माझ्या थोरल्या जावेचा मला हेवा वाटतो. तोंडानं मी काहीही म्हणो, वाटतो तो वाटतोच. ती दुसरबीडला राहते, चुलीवर रांधते, पाट्यावर वाटते. मी बुलढाण्यात; गॅस, मिक्सर, सगळं हाताशी. आणि माझी लेक? सुट्टी लागली की बस धरून तिच्याकडे पसार! "मोठ्या आईच्या हातची चव तुझ्या हाताला नाही," असं पोटच्या पोरीनं म्हटल्यावर कोणाला घास गोड लागेल?

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तर कहरच झाला. आचारी सांगितलेला असताना बाईसाहेबांचा हट्ट, हळदीला पुरणाचे मांडे पाहिजेत, तेही मोठ्या आईचेच. झालं! जाऊ आमच्या अंगणात चूल मांडून बसली. चुलीवर उपडं मातीचं खापर. पुरण भरलेली लाटी हातांवर खेळवत पार कोपरापर्यंत ताणायची आणि अलगद खापरावर सोडायची. भोवती पोरी मोबाइल घेऊन उभ्या. फोटोत धूर छान दिसतो म्हणे! त्याच धुरानं तिला खोकल्याची उबळ आली, मनगट खापराला लागून चांगलं भाजलं. ते कोणी टिपलं नाही. मला दिसलं, कारण माहेरी मीही असेच डोळे लाल करून घेतले होते. म्हणून तर सासरी आल्या आल्या गॅसचा हट्ट धरला.

"काऊन एवढा जीव काढता, जाऊबाई?" मी मलम लावत म्हटलं.

"पोरीनं मांगतलं न वं. आता डाक्टरनं चूल बंद कराले सांगतली. हे शेवटचंच."

जाताना खापर तिनं पोरीलाच देऊन टाकलं. मी लेकीला मिक्सर दिला, चांगल्यातला.

लेकीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते खापर आता दिवाणखान्यात मिरवतं. त्यात मनीप्लांट लावलाय. मांडे करणं पोरीला कुठलं जमतंय! पण आल्यागेल्याला खापराचं कौतुक ऐकावंच लागतं. मिक्सरचं नाव कोणी काढत नाही.

परवा फोन केला, तर मागं घरघर चाललेली. माझाच मिक्सर! शेंगदाण्याची चटणी वाटून राह्यली होती. खोटं कशाला बोलू, जीव सुखावला.

"थांब आई, काही ऐकू येत नाही," म्हणत तिनं मिक्सर बंद केला. "हं, आता सांग. मोठ्या आईचा खोकला कसा आहे?"