शिक्क्याच्या शाईचा वास
शाळेच्या दाखल्यावर शिक्का मारताना शाईचा वास आला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी कॉलेजात असताना तिसगावच्या बाजारातून आणलेल्या आमच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या, म्हणून वडील मला घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. हवालदारानं नाव लिहिलं, मग जात विचारली. वडील "पारधी" म्हणाले तशी त्यानं वही मिटली आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "आधी दहाही बोटांचे ठसे दे." "सायेब, चोरी तर आमच्याच घरी झाली हाय." "मग चोर शोधायला लांब कशाला जायचं?" घरी येऊन वडिलांनी राखेनं बोटं घासघासली, तरी नखांतली शाई निघेना. शेळ्यांचा तपास कुणी केलाच नाही. वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे ठसे मात्र त्या ठाण्यात चोरांच्या फायलीत अजून जपून ठेवलेत.