रुखमाबाईची पाठ

रुखमाबाईला गावात कोणी भांडकुदळ म्हणत, कोणी वाघीण. भांडकुदळ तिला चालायचं, पण वाघीण म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. "तिनं माया नवरा खाल्ला, तिचं नाव मले काऊन देता?" असं ती तोंडावर विचारायची.

सावली या तालुक्याच्या गावापासून थोडं आत, जंगलाला लागून, चिचटोल्याच्या वळणावर तिचं मोहाचं झाड. इकडं मोहाची झाडं घराण्याची असतात. हे झाड तिच्या सासऱ्यानं वेचलं, मग नवऱ्यानं, सोमाजीनं. त्याच झाडाखाली फुलं वेचताना वाघिणीनं सोमाजीला नेलं. वाघ पाठीमागून येतो म्हणून डोक्याच्या मागं बांधायचे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे गावात वाटलेले होते. चौकशीला आलेला वनखात्याचा साहेब म्हणाला, त्यानं मुखवटा लावला नसेल. रुखमाबाईनं घरातून तो मुखवटा आणून साहेबापुढं टाकला. त्यावरचं रक्त वाळलेलं होतं.

"लावला होता, साहेब. पन मोहा वाकून वेचतेत. वाकलेल्या मान्साचा मुखवटा आभाळाकडं पायते. वाघ का आभाळातून येते?"

साहेबानं जन्मात कधी मोह वेचला नव्हता.

तेव्हापासून गावानं ते वळण टाकलं. पण टाकून चालणार कसं? सावलीच्या शाळेची वाट तिथूनच. पोरी सायकलींवर परत येईपर्यंत दिवस बुडायचा आणि रस्त्यावर एक दिवा नव्हता. दिव्यांसाठी अर्ज करून करून गाव थकलं. शेवटी घरोघरी पोरींची शाळा सोडवायची भाषा सुरू झाली. रुखमाबाईचा मुलगा अश्विन बल्लारपूरला कामाला, त्यानंही फोनवर सांगून टाकलं, "आई, दिवाळीनंतर पिंकी घरीच राहीन." पिंकी म्हणजे रुखमाबाईची नात, दहावीतली. फोन ठेवल्यावर रुखमाबाई चुलीपुढं बसून रडली. मग उठली आणि थेट सावलीला गुड्डीच्या दुकानात गेली.

गुड्डी फोटोवाली. बाप मन्सूरभाईंचा स्टुडिओ मोबाईलनं पार बसवला, तरी हिनं शटर काही ओढलं नाही. दोघींचं तिथंच ठरलं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, लेकी-जावई, पाहुणे-रावळे येतात, रात्री नाटक असतं. त्या सकाळी घराघरांचे फोटो काढायचे आणि फोटोंचे जे पैसे जमतील त्यांतून रस्त्याला सौरदिवे लावायचे. गुड्डी आपली मजुरी घेणार नव्हती. "लेकिन मौशी, फोटो कुठी काढाचे?"

"माया झाडाखाली."

हे ऐकून गावात गलका झाला. श्रावणभाऊ, ज्यांच्याशिवाय गावात पान हलत नसे, ते दारात येऊन म्हणाले, "सणाचा फोटो अन त्या झाडाखाली? अन त्यातही तू पुढं? अपशकुन होते, बाई."

"शकुन-अपशकुन आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच टाकून आलो, भाऊ. तुमाले पायजे असन तं उचलून घ्या," रुखमाबाई म्हणाली. "झाड सोडलं का वाट गेली, अन वाट गेली का पोरीची शाळा गेली. झाड मी सोडत नाई."

मंडईच्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर गुड्डीनं कॅमेरा लावला. लोक आले, नव्या कपड्यांत आले. कितीही भीती असली तरी फोटोचा मोह कोणाला सुटतो! पण पहिलं कुटुंब झाडाखाली बसलं आणि घोटाळा झाला. फोटोसाठी कॅमेऱ्याकडं बघायचं म्हणजे जंगलाकडं पाठ करायची, आणि गावातल्या माणसाला तेच जमेना. गुड्डी बटण दाबायला गेली की कोणीतरी मान वळवून मागं बघायचं. एक सरळ बसला की दुसरा वळायचा. नवरा हसतोय, बायकोचा अंबाडा दिसतोय, असे फोटो.

"ऐसा करो, उलटे बसा. जंगलाकडं तोंड करा," गुड्डी वैतागून म्हणाली. मग स्वतःच दचकली. "नाई नाई, मग पाठ माझी होईन!"

लोक हसले, पण उठायलाही लागले. श्रावणभाऊ घरच्यांना घेऊन निघालेच होते. आज ही माणसं परत गेली तर या वाटेला पुन्हा कोणी फिरकणार नाही, हे रुखमाबाईला स्वच्छ दिसलं.

तिनं एक खुर्ची उचलली, सगळ्यांच्या मागं नेऊन बुंध्यापाशी ठेवली आणि जंगलाकडं तोंड करून बसली. विळा मांडीवर.

"तुमी तिकडं पाहा," ती मागं न वळता ओरडली. "इकडं मी पायतो!"

मग माना सरळ झाल्या. एकामागून एक घरं बसली, उठली. ऊन डोक्यावर आलं तरी रुखमाबाई जागची हलली नाही. श्रावणभाऊ बराच वेळ रस्त्यावर घुटमळले आणि सुनेनं हात धरून आणल्यावर तेही येऊन बसले.

सर्वांत शेवटी अश्विनचं कुटुंब. तो म्हणाला, "आई, तू पिंकीजवळ बस. मागं मी बसतो."

"तू बस पोरीजवळ. अन तिची शाळा बंद कराची भाषा परत काढू नको."

अश्विन पिंकीजवळ बसला.

थंडीत वळणावर दिवे लागले. पिंकी आणि तिच्या मैत्रिणी घंट्या वाजवत त्या उजेडातून घरी येतात. घरोघरी भिंतींवर ते फोटो लागलेत, आणि प्रत्येक फोटोत माणसांच्या मागं, मोहाच्या बुंध्यापाशी, एका बाईची पाठ आहे. श्रावणभाऊंनी गुड्डीला ती पाठ कापून द्यायला सांगितलं होतं. गुड्डीनं साफ नाही म्हटलं. आता ते देवघराशेजारच्या त्या फोटोखालीच जेवायला बसतात.

परवा पिंकी म्हणाली, "आजी, साऱ्या गावात तुया फोटो आहे, पन तोंड एकातही नाई."

रुखमाबाई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिले तोंड दाखवाचं होतं, तिले दाखवलं."