हत्तीच्या पिल्लाची चढाई

नीउ-व्हेनेपच्या एका पाळणाघरात मृणालिनी साठे दोन-तीन वर्षांची मुलं सांभाळते. नवऱ्याच्या, संजीवच्या नोकरीपायी ती नेदरलँड्सला आली, डच शिकली आणि इथे लागली. कितीही कालवा झाला तरी तिचा आवाज कधी चढत नाही. शेजारची योका तिला म्हणायची, "तू घरात आहेस की नाही, तेच कळत नाही गं."

ही योका सत्तरीची. नवऱ्याबरोबर टांझानियाला सफारीला जायची तिची सगळी तयारी झाली होती आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. कुंपणावरून वाकून तिने मृणालिनीला विचारलं, "येतेस?"

"मी? आणि घरचं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून संजीव ओरडला, "जा गं! आमटी-भात येतो मला."

"आमटी कुठे येते तुला?"

"बरं, भात येतो. जा!"

टांझानियातल्या तारांगिरेच्या जंगलात पहिला झेब्रा दिसला आणि मृणालिनी जीपमध्ये ताडकन उभीच राहिली. "अगं बाई, खराच आहे की!" हे ती मराठीत म्हणाली, आणि तिथून पुढे तिला दुसरी भाषा सुचेचना. रानडुकरीण शेपटी एरियलसारखी ताठ करून पळाली, मागोमाग पिल्लं, त्यांच्याही शेपट्या ताठ. मृणालिनीने टाळ्याच वाजवल्या. "बघ, बघ, वरात निघाली!" योकाला एक शब्द कळत नव्हता, पण तीही डचमध्ये तितक्याच जोरात उत्तरं देत होती. जीप चालवणारा जुमा दोघींकडे आरशातून बघून हसत होता.

दुपारी हत्तींचा कळप रस्ता ओलांडताना भेटला. जुमाने इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मोठे हत्ती पार गेले. एक पिल्लू मात्र मागे फिरलं. त्याने कान पसरले, सोंड उगारली आणि ते सरळ जीपवर धावून आलं. अर्ध्या वाटेत त्याचा पाय त्याच्याच सोंडेवर पडला. ते तोंडावर आपटलं, उठलं, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा कान पसरून उभं राहिलं.

"आला मोठा शहाणा," मृणालिनी पुटपुटली, आणि तिला हसू फुटलं.

तेवढ्यात पिल्लाची आई परतली. जीपपासून हाताच्या अंतरावर येऊन ती थांबली. तिच्या पापण्यांचे केस दिसत होते. आता आवाज करून चालणार नव्हतं. मृणालिनीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. योकाने तिचा दंड गच्च धरला, पण हसण्याने योकाचेच खांदे गदगदत होते. मृणालिनीला भीतीही वाटत होती आणि भीतीनेच जास्त हसू येत होतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. हत्तिणीने एक लांब उच्छ्वास सोडला, पिल्लाला सोंडेने ढोसलं आणि त्याला पुढे घालून ती झाडीत गेली.

मग जीपमध्ये जो स्फोट झाला! योका सीटवर आडवी. जुमाने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं, तर हॉर्नच वाजला. तिघंही पुन्हा सुरू.

आठवड्याने स्किपोल विमानतळावर संजीव घ्यायला आला. योका मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपी गेली. मृणालिनी बोलत सुटली. हत्ती, तरस, चिखलात लोळणारे पाणघोडे. पिल्लू कसं धावलं ते तिने सीटबेल्ट ताणून, हाताची सोंड करून दाखवलं. संजीव एका डोळ्याने रस्ता बघत होता, दुसऱ्याने तिला. इतक्या वर्षांत ही बाई एवढं सलग बोललेली त्याने ऐकली नव्हती.

"अरे," तो एकदम म्हणाला, "आपलं वळण गेलं."

समोर पुढच्या शहराची, लायडनची पाटी होती.

"जाऊ दे," मृणालिनी म्हणाली, "फिरव सावकाश. जिराफांचं अजून सांगायचंच आहे."