टाकीतलं कालचं पाणी

पहाटे पाच वाजून पाच मिनिटं. मुलुंड पूर्वेच्या गव्हाणपाड्यातल्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर मालन घाडी पाण्याच्या टाकीत बांबूची काठी सोडते आहे. काठीवर सेंटीमीटरच्या खुणा आहेत. काठी कोरडी निघाली. मालन खाली गेली आणि ठीक ५.१० ला तिने मोटर सुरू केली.

मालन मूळची मालवणजवळची. सासरे गिरणीत होते, पंप चालवणारा नवरा गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. अकरा वर्षं झाली. टाकी दीडशे सेंटीमीटरला भरते. ती भरेपर्यंत घरांकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद असतो. मोटर कधी बंद करायची ते काठी सांगते.

चार दिवसांपूर्वी सेक्रेटरी देवव्रत समेळ सकाळी ६.१० ला गच्चीवर आले. मोटर तासभर चालली होती, पाणी नव्वदवर होतं. साठ मिनिटांत नव्वद, म्हणजे मिनिटाला दीड. टाकी शंभर मिनिटांत भरणार, असं त्यांनी काढलं. त्यांची झोपायची खोली मोटरच्या बरोबर वर आहे. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली: मोटर ५.१० ते ६.५०. मालनने ती वेळ पाळली, आणि नोटिशीनंतर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरोघरी नळ कोरडे पडले. त्याचा ठपका मालनवर आला. ती मोटर लवकर बंद करते म्हणून टायमर बसवून तिला काढायचं ठरलं.

मालन परत गच्चीवर आली तेव्हा समेळ तिथे उभे होते.

"आज मी स्वतः बघणार. साडेसहालाच बंद करून चहाला जातेस ना तू?"

"बघा की. ही काठी घ्या, तुम्हीच बुडवा."

दहा मिनिटांनी पाणी दहावर आलं. वीस मिनिटांनी वीसवर. चौथ्या मजल्यावरची शर्मिष्ठा, दहावीच्या क्लासला गणित शिकवणारी, आवाज ऐकून वर आली होती. सहा दहाला काठीवर साठ दिसले.

"तुमचे नव्वद खय गेले, साहेब?" मालनने विचारलं.

समेळांनी काठी पुसून पुन्हा बुडवली. "मोटर बिघडली असेल."

"मोटर झकास आहे. त्या दिवशी मी सुरू केली तेव्हा टाकीत तीस आधीच होते. तुम्ही तासाभराने उगवलात, आणि ते तीसही मोटरच्या नावावर घातलेत."

शर्मिष्ठाला हसू आलं. "काका, पोरं हीच चूक करतात. रेषेचा चढ मिनिटाला एक. पण ती शून्यातून सुरू झालीच नव्हती, तिसातून झाली. त्या तिसाला आम्ही अंतर्खंड म्हणतो."

"नाव काय ते तुम्ही ठेवा गो," मालन म्हणाली. "मी त्याला कालचं पाणी म्हणते. ते रोज वेगळं असतं. टायमरला ते कसं कळणार?"

६.५० झाले. काठीवर शंभर.

"नोटिशीप्रमाणे बंद कर," समेळ म्हणाले.

"नाय करणार. मोटरच्या खोलीची चावी माझ्या कमरेला आहे. मला काढायचं तर टाकी भरल्यावर काढा."

"अगं, माझ्या पलंगाखाली घरघर होते त्याचं काय?"

"मग मोटरखाली रबर घाला! टाकीला शिक्षा कशाला?"

समेळ खाली गेले नाहीत. पुढची पन्नास मिनिटं, दर दहा मिनिटांनी, काठी त्यांनीच बुडवली. ७.४० ला पाणी दीडशेला टेकलं. मालनने मोटर बंद केली, व्हॉल्व्ह उघडला.

आठ वाजता समेळांनी फलकावरची नोटीस काढली आणि घडी करून खिशात टाकली. टायमरवाल्याला येऊ नको म्हणून त्यांनी तिथूनच फोन केला. माफी मागितली नाही. रिकाम्या जागी मालनने खडूने तीन आकडे लिहिले: कालचं पाणी, सुरू, बंद.

इमारत दिवसाला एकशेवीस सेंटीमीटर पाणी वापरते. उद्या गुरुवारी पाच वाजून पाच मिनिटांनी काठीवर तीस दिसले, तर मोटर ७.१० ला बंद होईल.