आत झाला का?

लोकांना वाटतं, रिटायर झालेल्या माणसाकडे वेळच वेळ! आमच्या निमगाव सावा गावात येऊन बघा म्हणावं. सूर्य मावळला की आमचा दिवस खलास. दाराला कडी लावायची आणि बाहेर पाचोळा वाजला तरी दचकायचं. रात्रभर साठलेली भीती सकाळी चहाच्या टपरीवर सांगायची, आणि सांगता सांगता तिचा किस्सा होतो. असे किती साचलेत, विचारू नका.

टपरीवरचे आम्ही तिघे. मी जुन्नरला तालुक्याच्या कचेरीत क्लार्क होतो, म्हणून अजून 'भाऊसाहेब'. किसनराव दूध डेअरीतून रिटायर. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे. तिसरे नामदेवराव, एसटीचे ड्रायव्हर. बायको गेल्यापासून मळ्यातल्या घरात एकटे. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या.

नामदेवरावांचा मुलगा संजय कोकणात, समुद्रकाठच्या एका गावात हॉटेलात मॅनेजर आहे. त्याचा रोज फोन, "आप्पा, इकडे या." आप्पांचं रोज एकच, "बघू."

आम्ही दोघं मध्ये पडत नव्हतो. जा म्हणावं तर आपला माणूस जातो. राहा म्हणावं आणि उद्या काही झालं तर? हा घोर काही केल्या सुटत नव्हता.

*

एकदा जंगल खात्याचे साहेब गावात माहिती द्यायला आले. "शेतात वाकू नका, खाली बसू नका. वाकलेला माणूस बिबट्याला जनावर वाटतो."

किसनरावांनी हात वर केला. "साहेब, आमी वाकायचं कवाच सोडलंय! आमचं गुडघं तुमच्या आदीपासून ह्यो नियम पाळत्यात!"

सगळी सभा हसली. साहेबही हसले. हसू ओसरल्यावर नामदेवरावांनी हळूच विचारलं, "आन् पडलो तर?"

साहेबांनी पाणी मागितलं.

*

बिबट्याचं नाव काढलं की आमच्या हिचं बीपी वाढतं. म्हणून फोनवर आम्ही नावच घेत नाही. 'पावणं' म्हणतो. "पावणं ओढ्याला दिसलं." "पावण्यानं शेरडू नेलं." हिला वाटतं, कोणाकडे तरी सारखी माणसं येतायत!

किसनरावांच्या नातीला बघायला आंबेगावकडची मंडळी यायची होती, संध्याकाळी. पण लेण्याद्रीचं दर्शन लवकर उरकलं म्हणून ती दुपारीच गावात उतरली. रस्त्यात भेटले नामदेवराव. त्यांनी वाट दाखवली आणि चांगुलपणाने किसनरावांना फोन लावला. "किसनराव, पावणं आलं! चार हायती! सरळ तुमच्याच घराकडं निघाल्यात!"

चार! किसनरावांच्या हातातला फोनच पडला. दारं धाडधाड बंद. शेळ्या आत, सुना माडीवर, आणि पुतण्याने खिडकीतून फटाक्यांची माळ सोडली. बायका ताटं बडवतायत, किसनराव आतून "हुर्रर्र" करतायत, आणि अंगणात नव्या कोऱ्या शर्टातला नवरामुलगा वडिलांना धरून उभा!

धूर विरल्यावर मुलाचा मामा म्हणाला, "आवो, आमी पसंती अजून कळवली नाय. तवर फटाकं कशाला?"

लग्न जमलं बरं का. मामाला मात्र अजून वाटतं, लई हौशी माणसं आहेत!

*

दिवेलागणीला आम्ही एकमेकांना फोन करायचो. एकच प्रश्न, "आत झाला का?" "झालो" म्हटलं की फोन बंद. तब्येत नाही, हवापाणी नाही. ते सगळं सकाळी टपरीवर.

एका संध्याकाळी किसनरावांचा फोन आला. "भाऊसाहेब, नामदेवराव उचलंना. रिंग जातीय."

मीही लावला. रिंग जात राहिली. मला चपला सापडेनात, आणि त्या पायाखालीच होत्या. किसनरावांनी ट्रॅक्टर काढला. हॉर्न वाजवत, ओरडत आम्ही मळ्यात गेलो. बॅटरीच्या उजेडात दिसलं ते असं: दार सताड उघडं, आत फोन वाजतोय, आणि अंगणात एक चप्पल. एकच. संजयला आता काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"नामदेवराव!" किसनरावांनी हाक मारली.

"आलात व्हय?" कोपऱ्यातून उत्तर. "मी आत हाय!"

"आत म्हंजी कुठं?"

"संडासात! पावणं अंगणात बसलं व्हतं, निघू कसा?"

किसनराव आता चिडले. "अरं, मग फोन नेयाचा ना संगं!"

"ड्युटीवर फोन नाय वापरायचा," नामदेवराव आतून म्हणाले. "जुनी सवय हाय, राव!"

किसनराव हसले आणि टोपीने डोळे पुसले. मला काही हसू आलं नाही.

*

बातमी समुद्रापर्यंत पोचायला कितीसा वेळ? संजय गाडी घेऊनच आला. नामदेवराव सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले, थांबले, मग वळसा घालून पलीकडे बसले. "निवांत झोपा आता," किसनराव म्हणाले आणि कारण नसताना ट्रॅक्टरचा टायर दाबून बघायला लागले.

त्या संध्याकाळी 'आत झाला का' आम्ही दोघांनीच एकमेकांना विचारलं. त्यांना तिकडे काय विचारायचं? तिथे कसली भीती! बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

मग सकाळी टपरीवर त्यांचे फोन यायला लागले. स्पीकर लावून आम्ही ऐकायचो.

"हितं भाकरी तांदळाची देत्यात. बाजरी आजारी पडल्यावानी दिसती!"

"संज्यानं हाफ पँट आणली. म्या घातली. वरनं पायजमा घातला."

रोज सकाळी काठी घेऊन वाळूत फिरायचे आणि बिबट्याला चाहूल द्यायच्या सवयीने मोठमोठ्याने खाकरत चालायचे. टुरिस्ट लोक बाजूला होऊन वाट द्यायचे!

एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, हितली कुत्री वाळूत झोपत्यात. उघड्यावर! उताणी! आपल्याकडं कुत्रं असं झोपलेलं पाह्यलंय का कवा?"

आम्ही दोघांनी आठवून पाहिलं. आमच्याकडे उरलेली कुत्री खाटेखाली झोपतात.

"पर येक सांगू?" ते म्हणाले. "अंधार पडला की हितली लोकं भाईर निघत्यात. लायटी लावून नाचत्यात. मी दार लावून बसतो, तर खालचा वॉचमन इचारतो, काका, बरं नाय का?"

किसनराव हसले. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

*

परवा टपरीवर फोन आला तो संजयचा. बिचारा धापा टाकतोय असंच वाटलं.

"काका, आप्पा रोज दिवस मावळला की मला हॉटेलात फोन करतात. 'संज्या, आत झाला का?' समोर कस्टमर असतो. मी म्हणतो, आप्पा, इथे वाघ नाही, ड्युटीवर आहे, ठेवा! काल त्यांचा फोन आलाच नाही. आधी बरं वाटलं. मग काउंटरवर हातच चालेना. मीच लावला. रिंग जातेय, कोणी उचलत नाही. काका, मी हॉटेल तसंच टाकून पळत सुटलो. माणसं थांबून बघत होती."

"मग?" मी कप खाली ठेवला.

"दार उघडं. आप्पा पायरीवर बसलेले. फोन शेजारी, हातभर अंतरावर. मी ओरडलोच त्यांच्यावर. फोन का केला नाही? वाजला तर उचलला का नाही?"

"काय म्हणाले?"



"म्हणाले, 'मुद्दामच नाय उचलला. बघत व्हतो, कुणी येतंय का.'"