येसराच्या पानावर रविवारी

आमचं येसराचं पीठ कुरिअरनं जर्मनीला जातं म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे बापडं. यांच्या कंपनीच्या नोकरीपायी आम्ही लातूरकडून चिंचवडला आलो, तेव्हा माझ्याजवळ विद्या होती ती एवढीच. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि दळायचं. त्या पिठाच्या दोन चमच्यांची आमटी केली की जिन्यात वास जातो. आमच्या भागात लग्नाच्या जेवणात ही आमटी असतेच. आमच्या मुलीच्या लग्नात होती का ते मला माहीत नाही. आम्ही नव्हतो त्या लग्नात.

हे निवृत्त झाल्यावर मी घरातूनच पीठ विकायला लागले. निघोज्याची एक बाई मदतीला येते, पॅकिंगला. आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी एक सून घरी बसून वेबसाइटी बनवते, चाकणच्या वर्कशॉपवाल्यांच्या जास्त करून. तिनं माझीही बनवून दिली. मला कॉम्प्युटर येत नव्हता, पण ती शिकवायची, आणि मी चुकतमाकत शिकले. सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर दुकानात कोण येऊन गेलं ते दाखवणारं पान. नाव नाही, गाव दिसायचं. किती वेळ थांबलं, काय बघितलं, पूर्वी आलेलंच माणूस आहे की नवीन, सगळं.

असंच एका सोमवारी मला त्यात जर्मनीतलं एक लहानसं गाव दिसलं. नाव मला धड उच्चारता येत नाही, पण अक्षरं ओळखीची होती. मुलीच्या मैत्रिणीनं मला एकदाच, भाजी मंडईत भेटली तेव्हा, कागदावर लिहून दिलेलं तेच गाव. पत्ता नाही, फोन नाही, नुसतं गाव. "काकू, याच्यापुढं मला विचारू नका," म्हणाली होती.

पुढच्या रविवारी परत तेच गाव. त्याच्या पुढच्याही. "परत आलेली व्यक्ती" असं त्याच्यापुढं लिहिलेलं. दुसरं काही बघायचं नाही, मेतकूट नाही, चटणी नाही. फक्त येसराचं पान. चार मिनिटं, कधी सहा. एक पैचं घ्यायचं नाही.

निघोज्याची बाई चिडवायची. "आक्का, ही कोन हाय गं तुमची? दर आयतवारी येती, बघती आन् जाती. आमच्या बाजारात अशीला हुसकून लावत्यात."

"लावू दे. माझ्या दुकानात बसू दे तिला," मी म्हणायची.

यांना मी सांगितलं नव्हतं. सोमवारी चहा टाकायच्या आधी मी ते पान उघडायची. गाव दिसलं की पोरगी बरी आहे, एवढं कळायचं. हे वर्षभर चाललं, आणि खरं सांगते, ते वर्ष मी सुखात काढलं.

मग जर्मनीतला जो दुकानदार आमच्याकडून माल घेतो, त्याचं पत्र आलं. तुमच्या साइटवर कुकीची परवानगी विचारत नाही, तिकडच्या कायद्यात हे बसत नाही, विचारा नाहीतर मला तुमचा दुवा माझ्या साइटवरून काढावा लागेल. सोसायटीतल्या सुनेनं मला समजावलं. कुकी म्हणजे येणाऱ्याच्या फोनात आपण ठेवलेली एक खूण. त्यावरून तो परत आला की ओळखू येतो. आता ती खूण ठेवायच्या आधी विचारायचं. आपल्या देशातही तसा कायदा येतोय म्हणाली.

"मग विचार की. त्यात काय?"

"काकू, तो नको म्हणाला तर तुम्हाला तो दिसायचा नाही."

"म्हणजे गावसुद्धा नाही?" मी विचारलं.

माझं तोंड बघून ती हसली. "घाबरू नका हो. सगळे काय करतात माहितीये? 'मान्य' हे बटण हिरवंगार, मोठं. 'नको' बारीक, करड्या अक्षरात, ते पण तीन पानं आत. लोक कंटाळून मान्यच करतात. माझा एक वर्कशॉपवाला तर म्हणतो, ताई, परवानगीची पट्टी लावा शोभेला, नोंद चालूच ठेवा, कोण बघायला येतंय! तुम्हाला कसं करून देऊ?"

"कर. बारीकच कर," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

जिना चढून घरी आले, खोबरं भाजायला घेतलं आणि हात थांबला. मुलगी हिंजवडीपुढं माण गावाला कंपनीत होती तेव्हा एकदा ती आंघोळीला गेलेली असताना मी तिचा फोन उघडला होता. तिच्या जन्माची तारीख घातली, उघडला. तिचं ज्याच्यावर मन होतं त्या मुलाचे सगळे निरोप मी वाचले. यांना सांगितले. हे दुसऱ्या दिवशी तिच्या कंपनीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले, चार लोकांत नको ते बोलले. पोरगी घरी आली ती बॅग भरायलाच. ओरडली नाही, रडलीही नाही. मला एवढंच म्हणाली, "आई, मला विचारायचंस ना. मी सांगितलं असतं."

आता वर्षभर मी दर सोमवारी काय करत होते?

खोबरं करपलं. गॅस बंद करून मी तशीच परत खाली गेले. "दोन्ही बटणं सारखी कर," म्हटलं. "सारखा रंग, सारखं माप. शेजारी शेजारी. आणि मराठीत लिही: तुम्ही आलात याची आम्ही नोंद ठेवू का?"

"काकू, अर्धे लोक नको म्हणतील."

"म्हणू देत गं."

सुनेनं शनिवारी पट्टी लावली. रविवारी मी देवापाशी काही मागितलं नाही, पण बसून राहिले. सोमवारी पान उघडलं. 'हो' म्हणणारे तीन, पुणे, लातूर आणि नागपूर. 'नको' म्हणणारं एकच. कोण, कुठलं, काही दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. ते गाव कुठेच नव्हतं.

पुढच्या सोमवारी 'नको'चा आकडासुद्धा शून्य. मी सुनेला विचारलं, तर म्हणाली, एकदा नको म्हटलं की तेवढं लक्षात राहतं, परत विचारलं जात नाही. म्हणजे ती येतही असेल. किंवा आपल्याला कुणीतरी बघत होतं हे कळल्यावर यायची थांबली असेल. किंवा तो 'नको' दुसऱ्याच कुणाचा असेल, आणि पोरगी आधीच दुसऱ्या गावी गेली असेल. मला कळायचा काही मार्ग नाही.

त्या रात्री यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं.  हे म्हणाले, "वर्षभर येत होती? आणि तू मला आज सांगतेस?" त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.  

सहा महिने झाल्यावर सून विचारायला आली. "काकू, ज्यांनी नको म्हटलं त्यांना आता परत विचारता येतं. चालू करू?"

हे पेपर वाचत होते. पेपर खाली झाला. मलाही हो म्हणावंसं किती वाटलं, सांगता येत नाही.

"नको," मी म्हटलं. "सांगितलंय ना तिनं एकदा."

मग मी तिला दुसरं काम सांगितलं. येसराच्या पानावर पूर्ण कृती टाकायची, मापांसकट. निघोज्याची बाई कपाळाला हात लावून बसली. "आक्का, येड लागलं का? मग इकत कोन घेनार?"

घेऊ नये कुणी. मी सांगत गेले आणि सून टाइप करत गेली. ज्वारी तिकडं मिळत नसेल तर गहू चालतात. डाळ मंद आचेवर. खोबरं सगळ्यात शेवटी भाजायचं, आणि भाजताना दुसऱ्या कशात लक्ष घालायचं नाही.