उजव्या बाजूची बाल्कनी

आमच्या बाबांनी आयुष्यभर बोट चालवली आणि आईने आयुष्यात कधी बोटीवर पाय ठेवला नाही. वाढवणला आमच्याकडे मासेमारीच्या बोटीवर बाईमाणूस चढत नाही. का चढत नाही, असं विचारलं की म्हातारे म्हणतात, "नाही चढत म्हणजे नाही चढत." मी शिक्षिका आहे, मला असली उत्तरं देणाऱ्याला बाकावर उभं करावंसं वाटतं. पण म्हाताऱ्यांना बाकावर कोण उभं करणार?

आईची हद्द गुडघाभर पाण्यापर्यंत. तिथे टोपली घेऊन उभं राहायचं, बोट आली की मासे उतरवून घ्यायचे, आणि बाबांना शिव्या घालत घरी यायचं. त्यामुळे २०१९ची दिवाळी सरल्यावर, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आई, कुठे जायचं ते सांग, मी नेते," तेव्हा माझ्या मनात शिर्डी होतं, फार तर तिरुपती. आई बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बोटीत."

"कुठल्या बोटीत?"

"ज्यात बायकांना घेतात त्या."

बाबा ओट्यावर बसून दात कोरत होते. काडी तशीच दातात राहिली. मला वाटलं, म्हातारा खूश झाला.

डहाणू रोड स्टेशनासमोर एक तिकिटं काढून देणारे काका होते. त्यांचं निम्मं बोलणं गुजराती, निम्मं मराठी, आणि हिशेब दोन्हीत पक्का. त्यांच्याकडे मुंबईहून दीवला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची माहिती मिळाली. दोन रात्री, खाणंपिणं आत, दुपारी मुंबई सोडणार. मी विचारलं, "काका, वाटेत आमचं गाव दिसेल का?" काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या नकाशावर बोट ठेवून मुंबईहून दीवपर्यंत एक रेघ ओढली, आणि ती रेघ ओढताना बोट आमच्या जिल्ह्यावरून असं प्रेमाने फिरवलं की विचारू नका. म्हणाले, "दिसे ना बेन! समोरूनच जाय छे. संध्याकाळ पहेलां दिसेल." नंतर कळलं की काकांनी समुद्र फक्त बोर्डीच्या चौपाटीवरून बघितलेला.

केबिनचा कागद त्यांनी दिला. चार प्रकार होते. आतली, म्हणजे बिनखिडकीची. खिडकीची, पण खिडकी उघडत नाही. बाल्कनीची. आणि चौथी अशी, की तिचे फोटो बघूनच आम्ही कागद उलटा केला.

मी तो कागद ओट्यावर पसरला आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही तांडेल. बोटीतलं तुम्हालाच कळतं. सांगा." आमच्याकडे बोटीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. बाबा तीस वर्षं तांडेल होते आणि बोट विकून दोन वर्षं झाली तरी उतरायला तयार नव्हते. त्यांनी चष्मा लावला, कागद पूर्व-पश्चिम नीट लावून घेतला, वर एक दगड ठेवला, आणि ठणकावून सांगितलं, "आतली घ्यायची. बिनखिडकीची."

"समुद्रावर जाऊन समुद्र नाही बघायचा?"

"मी बघितलाय."

"आईने नाही बघितला ना!"

"तिला घरून दिसतो."

मग मी खिडकीच्या केबिनवर बोट ठेवलं. बाबा म्हणाले, उघडत नाही ती खिडकी नव्हे, तो टीव्ही. बाल्कनी? बाल्कनीत लाट येते. जहाजाचा आठवा मजला होता हो! आठव्या मजल्यावर लाट आली तर बाल्कनी सोडा, पालघर जिल्हा उरायचा नाही. मग म्हणे, खाऱ्या वाऱ्याने गुडघे धरतात. चाळीस वर्षं त्या वाऱ्यात उघड्याने राहिलेला माणूस हे मला सांगत होता. शेवटी म्हणाले, घ्यायचीच तर डाव्या बाजूची घ्या, डावीकडे मोकळा समुद्र असतो, हवा चांगली.

"आणि जमीन कुठल्या बाजूला?" आईने आतून विचारलं.

बाबांनी कागदावरचा दगड उगाच सरळ केला.

"तांडेल, जमीन कुठल्या बाजूला?"

"जाताना उजव्या," बाबा पुटपुटले.

"मग उजव्या बाजूची बाल्कनी," आई म्हणाली आणि पुन्हा बोंबलांकडे वळली.

घोडं पेंड कुठे खातंय, ते मला अजून कळलं नव्हतं. तलासरीला मी शिकवते त्या शाळेत मी हा विषय काढला, कारण मला विषय पोटात ठेवता येत नाही. आमचे एक गुरुजी डोंगराकडच्या गावचे, घरी भात आणि नागली, समुद्राशी संबंध सुक्या माशापुरता. ते म्हणाले, "बाई, कुठलीही घ्या, पण मधोमध घ्या. बैलगाडीत मधे बसलेल्याची हाडं कमी मोडतात." सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वाक्य तेवढंच होतं, आणि ते समुद्र न बघितलेल्या माणसाने सांगितलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, तुमचे वडील आलेत. मी घाबरले. बाबा कधीच शाळेत आले नव्हते, मी शिकत होते तेव्हाही नाही. एसटीने आले होते, हातात सुक्या सोड्यांची पिशवी. पिशवी माझ्या हातात कोंबली आणि चिंचेखाली नेऊन म्हणाले, "बाळा, आतली केबिन घे. ह्या वयात माझा संसार मोडू नकोस."

इथे मला लुगड्यांचं सांगायला हवं. बाबा चार-चार, सहा-सहा दिवस बाहेर असायचे. तेव्हा फोन कुठले? आईने एक रीत लावली होती. घरी सगळं ठीक असेल, तर बोंबील वाळवायच्या उंच बांबूवर एक लाल लुगडं. काही बरंवाईट असेल, तर लालच्या शेजारी दुसरं, हिरवं. दोन लुगडी म्हणजे असाल तिथून या. बाबा परत आले की सांगायचे, "दिसत होतं हो लुगडं. रोज दिसत होतं. दीवच्या पाण्यातूनसुद्धा." आई खूश व्हायची आणि लुगडं पुन्हा उन्हात जायचं.

आणि मी चार वर्षांची असताना मला ताप चढला. आईने दोन लुगडी टाकली. त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत बाबांची बोट किनाऱ्याला! मला खांद्यावर टाकून त्यांनी डहाणूला डॉक्टरकडे नेलं आणि मी वाचले. ही गोष्ट आमच्या आळीत इतक्या लग्नांत सांगितली गेलीय की नवरदेवालाही पाठ असते. नजर असावी तर तांडेलसारखी, असं लोक म्हणायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा म्हणायचे.

"बाबा," मी चिंचेखाली म्हटलं, "खरं सांगा. दिसायचं का?"

"वेडी आहेस का?" बाबा म्हणाले. "तिथून डोंगर दिसला तरी नशीब. लुगडं दिसतंय!"

"आणि मी आजारी होते तेव्हा?"

"बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं आम्हाला."

माझा जीव मच्छीमारांच्या जाळ्याने वाचवला, बाबांच्या नजरेने नाही! मला हसूही येईना आणि रागही धड येईना. म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी पाण्यात उतरलो तर तुझी आई छातीभर पाण्यात आलेली. हात धरून रडायला लागली, बघितलंत ना, बघितलंत ना. मी काय म्हणणार? म्हटलं, हो." मग चपलेने माती उकरत म्हणाले, "दिसत नव्हतं, पण बघायचो. संध्याकाळचा चहा घराच्या बाजूला तोंड करूनच घ्यायचो. खलाशी हसायचे."

आता चाळीस वर्षांनी म्हातारी उजव्या बाजूच्या बाल्कनीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. आणि 'जहाज फार लांबून जातं' असं म्हणायचीही बाबांना सोय नव्हती, कारण दीवच्या पाण्यातून दिसतं ही थाप त्यांचीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हे. मला बाबांची दया आली. मी आईला फोन करून धडधडीत खोटं सांगितलं की बाल्कनीच्या सगळ्या केबिन भरल्या, आतलीच उरलीय.

आई बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली शेजारणीकडे ठेवून, रिक्षा करून ती डहाणूला गेली आणि काकांकडून उजव्या बाजूची, आठव्या मजल्यावरची, मधोमध केबिन पक्की करून आली. मधोमधचं मीच बोलले होते, तेवढं तिने ऐकलं.

जहाज मोठं होतं. इतकं मोठं की बाबांनी धक्क्यावर उभं राहून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हे चालवतात का ढकलतात?" केबिनमध्ये शिरल्याबरोबर आईने बाल्कनीतली खुर्ची पकडली ती सोडेना. मी म्हटलं, आत जेवायला जा, नाच आहे, गाणी आहेत, पोहायचा तलाव आहे. "समुद्रात तलाव?" आई म्हणाली. "वेडे आहेत." आणि पुन्हा किनाऱ्याकडे डोळे.

किनारा मात्र हळूहळू पातळ होत गेला. आधी इमारती गेल्या, मग झाडं, मग एक करडी रेघ उरली आणि चहाच्या वेळेला रेघही गेली. बाबा तासभर बाथरूममध्ये होते.

"तांडेल, बाहेर या," आईने हाक मारली. "आपलं गाव आलं का?"

बाबा आले. कठड्याला धरून, डोळे बारीक करून त्यांनी त्या रिकाम्या पाण्याकडे असं बघितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला. "आलं," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला काहीही नव्हतं.

"लुगडं दिसतं?"

"दिसतं की."

"किती?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आईच्या मागून, देवाशपथ, एक बोट वर केलं. शिकवताना मुलांना कॉपीसाठी झापणारी मी!

"एक," बाबा म्हणाले. "लाल."

आई उठली, आत गेली, आणि बॅगेतून लाल लुगडं काढून तिने पलंगावर टाकलं. मग हिरवं काढलं, तेही त्याच्यावर टाकलं.

मग आई बोलली आणि बराच वेळ बोलली. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी चांगली लुगडी उन्हात विटवली! लग्नाला जाताना मावशीचं मागून नेसले!" आणि मग, आवाज उतरला तिचा, "तेव्हा मला वाटायचं, मी एकटी नाही." बाबा उभ्या उभ्या लहान झाले. मला बाल्कनीवरून उडी मारावीशी वाटली, पण आठवा मजला होता.

त्या केबिनमध्ये तिसरा पलंग छतातून खाली येणारा होता, रेल्वेतल्या बर्थसारखा. तो माझा ठरला होता. दोन्ही रात्री त्यावर बाबा झोपले आणि कोणी तक्रार केली नाही. दीवला आई सगळीकडे आमच्या दहा पावलं पुढे चालली. बाबांनी तिला नारळपाणी दिलं, ते तिने मला दिलं. मुंबईला उतरेपर्यंत आणि पुढे घरापर्यंत आईने बाबांशी एक शब्द काढला नाही. गाडीत बाबांना डुलकी लागली तेव्हा मी हळूच चिंचेखालचं सगळं सांगितलं. चहाचंही सांगितलं, घराकडे तोंड करून घ्यायचे ते.

आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "चहा करून कोण द्यायचं?"

"खलाशी देत असतील."

"साखर जास्त घालत असतील," ती म्हणाली. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माझी रजा होती. संध्याकाळी बाबा नेहमीसारखे धक्क्यावर पत्ते खेळायला गेलेले. आईने चहा ठेवला आणि बॅग उघडली. लाल लुगडं बांबूवर टाकलं, शेजारी हिरवं टाकलं. सरकारच्या नव्या बंदराविरुद्ध गावाने लावलेल्या 'बंदर नको'च्या कापडी फलकाशेजारीच आमचे बांबू, त्यामुळे वाऱ्यात तिन्ही फडफडायला लागली. धक्का आमच्या घरापासून हाकेवर आहे.

चहा उकळायच्या आत बाबा आले. धावत आले. एका पायात चप्पल, दुसरी वाळूत कुठेतरी, हातात तीन पत्ते तसेच, आणि छाती भात्यासारखी हलत होती. "काय झालं? कोणाला काय झालं?"

आईने कपात चहा ओतला आणि साखर कमी घातली.

"कोणाला काही नाही," ती म्हणाली. कप त्यांच्या हातात दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? दिसतं त्यांना."